मोटारीच्या खोलीतला समुद्र

बाई खोली भाड्याने देण्याआधी माणसाला चालायला लावत. मी फोन केला तेव्हा त्यांनी भाडं सांगितलं नाही आणि पत्ताही सांगितला नाही. म्हणाल्या, "लोणावळा स्टेशनबाहेर एक फुलवाली बसते. तिच्याकडे तुमच्या नावाचं पाकीट ठेवते. आत नकाशा आहे. कोणाला न विचारता पोचलात तर पुढचं बोलू."

नकाशा पेन्सिलने काढलेला होता. खाली प्रमाण, कोपऱ्यात उत्तरेचा बाण. फाटक, पिठाची गिरणी, फुटलेलं गटार, आणि एका जागी बारीक अक्षरात, 'इथे बहुधा पिवळं कुत्रं झोपलेलं असतं.' कुत्रं होतं. तरीही मी चुकले आणि एका वडापावच्या गाडीवर विचारलं. बाईंनी दार उघडलं, नमस्कार नाही, या-बसा नाही. "विचारलंत कुणाला?"

"हो."

"कुठे?"

मी नकाशावर बोट ठेवलं. त्या आत गेल्या, खोडरबर घेऊन आल्या, तिथली रेघ खोडून दुसरी काढली. "इथे माझंच चुकलंय. या."

मागच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले.

लोणावळ्यात त्यांना सगळे भूगोलाच्या बाई म्हणत. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, वय सत्तरीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. फाटकावर एक पाटी टांगलेली असे आणि रोज सकाळी साडेआठला त्या मागच्या अंगणातल्या नळकांड्यात साठलेला पाऊस मोजून त्यावर मिलिमीटरमध्ये लिहीत. शनिवार-रविवारी येणारे पर्यटक त्या पाटीपुढे उभे राहून फोटो काढत. कुणी रस्ता विचारला तर बाई सांगत, मग त्याच्याकडून म्हणवून घेत. चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मागे गाड्यांचे हॉर्न वाजत राहत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "तुम्ही कुठे उभ्या होता?" मी आल्या-आल्या सांगायचे, घाटात एक ट्रक उलटलाय. त्या विचारायच्या, "तुम्ही कुठे उभ्या होता?" मी नव्हते, दुकानात ऐकलं. "मग ऐकलं म्हणा." सुरुवातीला याचा राग यायचा. नंतर बोलायच्या आधी मीच मनात जागा ठरवायला लागले.

मी एका स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ जुळवायचं काम करत होते. रिसॉर्टमधली लग्नं, ड्रोनचं शूटिंग, नवरदेवाची घोड्यावरची एन्ट्री. त्या सुमाराला गिऱ्हाइकं नवीनच काही मागायला लागली होती. वारलेले आजोबा एआयवर हलते-बोलते करा, ते नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवतायत असं दाखवा. एका दुपारी मी असं एक काम घरी करत बसले होते. बाई चहा घेऊन आल्या आणि मागे उभ्या राहून बघत राहिल्या. त्या चहा नेहमी उभ्यानेच प्यायच्या.

"हे आजोबा लग्नात होते?"

"नाही, ते दहा वर्षांपूर्वी गेले."

"म्हणजे हे न घडलेलं दाखवतं." त्यांनी कप टेबलावर ठेवला. "मग जे घडलं, पण ज्याचा एकही फोटो नाही, ते दाखवेल का?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या वडिलांबद्दल कळलं.

वडील कार्ल्याच्या अलीकडच्या एका गावातले. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाले आणि मलायाच्या किनाऱ्यावर पोचले. तिथे वाळूत काँक्रीटच्या बसक्या खोल्या बांधलेल्या होत्या, समुद्राकडे एक आडवी फट आणि मागे दार. फटीतून मशीनगन बाहेर काढायची आणि येणाऱ्या जपान्यांना पाण्यातच अडवायचं. वडील गन चालवणारे नव्हते. ते आधी काटेरी तारा अंथरायला होते, मग माणसं कमी पडली म्हणून एका खोलीत गोळ्यांचे पट्टे पुरवायला बसवले. जपानी उतरले, किनारा पडला, वडील कैदेत गेले. तीन-साडेतीन वर्षांनी हाडांचा सापळा होऊन गावी आले. गावाने विचारलं, किती मारले? ते म्हणाले, "मी बिळात होतो."

तेवढं एक वाक्य गावाने उचललं. वडील 'बिळातला' झाले. पुढे खंडाळ्याच्या घाटात रेल्वेत गँगमन म्हणून लागले, रूळ तपासत आयुष्य काढलं, पण गावात आले की बिळातला आला. मुलं झाली तीही बिळातल्याची. शाळेत कुणी बाईंच्या दप्तरात मेलेला उंदीर टाकला होता. हे सांगतानाही त्या म्हणाल्या, "मी वर्गाच्या दाराशी उभी होते. टाकणारा दिसला नाही."

"मला ते बीळ दाखवायचंय," बाई म्हणाल्या. "आतून."

आम्ही बसायला लागलो. दुपारी मला सुट्टी असली की माझ्या खोलीची खिडकी घोंगडीने झाकायची, बाई मराठीत सांगायच्या, मी जमेल तशा इंग्रजीत यंत्राला लिहायचे. पहिलं चित्र आलं, त्यात नारळाची झाडं, निळं पाणी आणि गोरे सैनिक. बाई म्हणाल्या, "हे कोण?" मी भारतीय सैनिक असं लिहिलं. मग सगळ्यांच्या डोक्यावर पगड्या आल्या, पिळदार मिशा आल्या, छात्या फुगल्या. "याला जेवायला कोण घालत होतं?" बाई म्हणाल्या. "बारीक करा." बारीक केला तर डोळे मोठे आणि पाणीदार होत. रडवेला केला तर सुंदर होई. कुरूप माणूस त्या यंत्राला येतच नव्हता.

सगळ्यात मोठी अडचण अंधाराची. वडील म्हणाले होते, दिसत काही नव्हतं, पाऊस होता, फक्त पाण्यातून पाय ओढल्याचा आवाज यायचा. मी अंधार लिहिला की यंत्र चंद्र काढायचं. चंद्र नको लिहिलं की वीज चमकवायचं. वैतागून मी म्हणाले, "बाई, काळा पडदाच ठेवू. त्याला एआय कशाला हवं?"

"नाही. त्या काळ्यात माणसं असली पाहिजेत. दिसली नाहीत तरी असली पाहिजेत."

आणि दर वेळी कॅमेरा बाहेर. कधी पाण्यात, कधी आभाळात, कधी खोलीच्या छपरावर. बाई पडद्यावर पेन्सिल टेकवून विचारायच्या, "हा कोण उभा आहे इथे? याला गोळी कशी लागत नाही?" मला हसू यायचं, त्यांना येत नसे. एकदा सलग चार तास बसून आम्हाला आठ सेकंद मिळाले. आतून, फटीतून, करड्या पावसाचे. त्या संध्याकाळी त्यांनी जेवायला मलाही वाढलं, एरवी तसं कधी करत नसत.

लावणीच्या दिवसांत एका सकाळी त्या म्हणाल्या, "चला, गावी जाऊ. यंत्राला कळत नाही, कारण आपल्यालाच माहीत नाही."

गावात त्यांचा धाकटा भाऊ शेती करत होता. साठी उलटलेला, अंगाने काटक. सगळे त्याला आबा म्हणत. खाचराच्या कडेला त्याची पाण्याच्या मोटारीची खोली होती, सिमेंटच्या विटांची, माणूस वाकून आत जाईल एवढी. बाईंनी आदल्या आठवड्यात एका गवंड्याला पाठवून तिच्या खाचराकडच्या भिंतीतली विटांची एक ओळ काढून घेतली होती.

"आक्का, चांगलं भिताड का फोडलंस?" आबा फटीत हात घालून म्हणाले. "आत पानी यील, मोटार जळंल."

"परत बुजवून देते."

"लोक आदीच काय काय म्हंत्यात. त्यात ही नवी तऱ्हा."

बाई आत जाऊन बसल्या. मी त्यांच्या शेजारी खताच्या रिकाम्या गोणीवर. खाचरात आठ बायका भाताचं आवण लावत होत्या. बाईंनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, पलीकडच्या बांधावर जा, ओळीने उभ्या राहा आणि सरळ भिंतीपर्यंत चालत या, बोलायचं नाही. पाऊस लागला होता. बायका इरली पांघरून निघाल्या. आधी एकमेकींना कोपर मारून खिदळत होत्या. गुडघाभर चिखलात पाय रुतायला लागले तशा गप्प झाल्या.

फटीतून तोंडं दिसत नव्हती. इरल्यांचे काळे आकार, खाली पाय, आणि पाय उपसल्याचा तो आवाज. एक, मग दुसरा, मग सगळे मिसळून. मला माहीत होतं की यातल्या एकीने मघाशी मला पान दिलंय. तरी मी गोणीवरून मागे सरकले. बाई दोन्ही हातांनी मोटारीचा पाइप धरून बसल्या होत्या. त्यांना मध्ये एकदा 'थांबा' म्हणायचं होतं, तसं ठरलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. बायका भिंतीला येऊन टेकल्या. एकीने वाकून फटीला डोळा लावला आणि विचारलं, "बाई, आत काय हाय वो?"

बाईंनी पाइप सोडला नाही. मीच बाहेर जाऊन बायकांना पाठवलं.

परत आले तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "त्या खोलीत दोघं होते. गन चालवणारा उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला. चार दिवसांची ओळख. माझा बाप त्याला नुसतं भाई म्हणायचा, नाव विचारायचं राहिलं. त्याच्या पायांवर काहीतरी येऊन पडलं, त्याला हलता येईना. पट्टे संपले होते. माझा बाप म्हणाला, मी पट्टे घेऊन येतो. तो म्हणाला, जल्दी आना." बाईंनी पाइप सोडला. "पट्टे पन्नास पावलांवर होते. माझा बाप पट्ट्यांकडे गेलाच नाही. झाडीत गेला."

मी विचारलं, "हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत त्याने सांगितलं. आणि भावाला मी सांगितलं, तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही."

त्या माणसाच्या घराजवळून नदी जाते, एवढं एकच वडिलांनी त्यांना सांगितलं होतं. बाईंनी त्या मुलखातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना वर्षानुवर्षं पत्रं पाठवली. दोन उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं, अशी घरं आमच्याकडे शेकड्यांनी आहेत आणि न परतलेली माणसंही.

फिल्म नऊ मिनिटांची झाली. आठ मिनिटं पाऊस, फट, आवाज. तो आवाज खाचरातला होता, मी फोनवर घेतलेला. नववं मिनिट बाईंनी वेगळं मागितलं. कॅमेरा जमिनीवर, पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. समोर मागचं दार. दारातून एक बारीक माणूस वाकून बाहेर जातो, त्याची पाठ दिसते, मग नुसतं दार दिसत राहतं.

"तो गेला तेव्हा त्याच्याकडे कोण बघत होतं?" बाई म्हणाल्या. "तेवढंच दाखवायचंय."

गंमत बघा, महिनाभर छळणाऱ्या यंत्राने ही पाठ पहिल्याच खेपेला काढली. ओला शर्ट, त्यातून वर आलेली खांद्याची हाडं. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग "हाच," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या.

गावच्या विहारात फिल्म दाखवायचं ठरलं. दोन दिवस आधी आबा माझ्या स्टुडिओत आले. काउंटरवर इंद्रायणी तांदळाची पिशवी ठेवली आणि उभेच राहिले.

"ताई, आक्कानं सांगितलं शेवटी काय हाय. त्ये काडा."

"ते बाईंचं आहे, आबा. मी कसं काढू?"

"आक्का नोकरीला लागली आन् लोनावळ्याला गेली. बिळातला, बिळातला कुनी ऐकलं? मी ऐकलं. लग्नाच्या पंगतीत ऐकलं, सोसायटीच्या मीटिंगमदी ऐकलं. आता नातू भरतीची तयारी करतोय. पहाटं हायवेच्या कडंनं पळतो. त्याला बी बिळातला म्हंत्यात, त्यो हसून सोडतो. आता पळपुट्याचा पनतू म्हनतील." त्यांनी हात जोडले नाहीत, ते जोडणाऱ्यांतले नव्हते. "बापानं पाप केलं आसंल. पर त्ये भोगायला आमी हितं हाओत, आक्का न्हाई."

मला ते पटलं. आजही ते खोटं होतं असं म्हणवत नाही. मी नववं मिनिट कापलं. बाईंना सांगणार होते. सांगितलं नाही.

विहारात संध्याकाळी शंभरेक माणसं होती. दिवे घालवले, पडद्यावर पाऊस सुरू झाला. लोक आधी चुळबुळले, लढाई कधी दिसणार म्हणून. मग खाचरातला तो आवाज आला आणि हॉल गप्प झाला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, अंगात मुरलेला. माझ्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्याने पाय वर घेतले. आठ मिनिटं संपली, पडदा काळा झाला, मी दिवे लावले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. एक निवृत्त हवालदार उभा राहिला आणि पडद्याला कडक सलाम ठोकला. आबा रुमालाने तोंड झाकून रडत होते. नातवाच्या पाठीवर चार माणसं थापा मारत होती.

बाई पहिल्या रांगेत ताठ बसून अजून काळ्या पडद्याकडे बघत होत्या. त्या वाट बघत होत्या.

मग त्यांना बोलायला बोलावलं. त्या उठल्या, माइकपाशी गेल्या. त्यांना दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. त्यांनी भावाकडे पाहिलं, नातवाकडे पाहिलं. "पावसात आलात, आभारी आहे," म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या.

परतताना रिक्षाने मळवलीचं फाटक ओलांडलं. मग बाईंनी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"आबांनी."

"आणि कापलं कोणी?"

"मी."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं तर बरं झालं असतं. त्या सौजन्याने वागायला लागल्या. मी काही सांगितलं की "हो का?" म्हणायच्या. मी कुठे उभी होते हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मुद्दाम एकदा मी ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली, वाटलं पकडतील. त्या मान डोलावून आत गेल्या. चार महिन्यांनी मी सोमाटण्याला खोली घेतली. निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन निरोप दिला.

त्या पुढच्या थंडीत गेल्या. छातीत कफ झाला, आठ दिवसांत आटोपलं. मला आबांचा फोन आला तो पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा. तोवर अंत्यविधी होऊन गेला होता.

विहारात बाईंचा फोटो होता, हार होता. भाषणं झाली. मग फिल्म पुन्हा लावली. कुणीतरी तिला ढोल जोडले होते, खाचरातला आवाज त्याखाली दबला होता. शेवटी तांबड्या अक्षरांत आलं, 'शेवटच्या गोळीपर्यंत लढले.' वेशीवर तसाच फ्लेक्स लागलेला मी येताना पाहिला होता, त्यावर पिळदार मिशांचा एक धिप्पाड सैनिक. बिळातला हा शब्द गावातून गेला होता.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन चपला शोधत होते. आबा मागून आले.

"त्ये शेवटचं हाय का तुमच्याकडं? का पुसलं?"

फोनमध्ये होतं. मी लावून दिलं. त्यांनी उभ्याने पाहिलं. संपलं, तसं पुन्हा लावा म्हणाले. मग पायरीवर बसले.

"बापाची पाट अशीच व्हती," ते म्हणाले. "आन् ह्ये बघतंय कोन?"

"तो. आत राहिलेला."

आतून पंगतीची हाक आली, आबांनी ऐकली नाही.

"माजी थोरली चालायला लागली ना," ते सावकाश म्हणाले, "तवा बाप वट्यावर बसला व्हता. पोरगी दोन पावलं टाकून त्याच्या गुडघ्याला येऊन चिकाटली. बाप रडाया लागला. म्हनला, त्याची बी आशीच चालाया लागली आसंल, त्यानं न्हाई बघितली. मी इचारलं कुनाची, तर बोलला न्हाई. वाटलं, म्हातारपन आलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला पोरगी व्हती, ताई."

मला बाईंची पत्रं आठवली. नदी सोडून त्यांत लिहायला काही नव्हतं.

"हे बाईंना कधी बोललात?"

"तिनं कधी इचारलं न्हाई," आबा म्हणाले. मग म्हणाले, "मी तिला बोलूच कुटं देत व्हतो."

आतून नातू आला, "आबा, लोक खोळंबलेत, चला की." आबांनी त्याच्याकडे वर बघितलं, फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "तू हो म्होरं."